डोळस राजा

“राजाचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का?” दिग्दर्शिकेने चाचरत विचारलं. काचबिंदूने सदानंदची उरलीसुरली नजरही नेली होती आणि नाट्यस्पर्धा तोंडावर आली होती.

“कशाला? राजा आंधळाच होतो ना?”

“शेवटच्या अंकात. ग्रीक शोकांतिका आहे ही. नियती दृष्टी हिरावून घेईपर्यंत तो डोळसच असतो.”

“मग तोवर मीही डोळस,” सदानंद म्हणाला.

बायकोचा, वृंदाचा, हात धरून तो रोज रंगमंचावर फिरला. पायऱ्या, सिंहासन, समोरच्याच्या आवाजाची दिशा, सगळं त्याने अंगवळणी पाडलं. प्रयोगात तो ऐटीत चालत आला, दूताच्या नजरेला नजर देऊन बोलला. प्रेक्षकांत कुणाला शंकाही आली नाही.

निकालानंतर परीक्षक रंगपटात आले. “पहिलं बक्षीस थोडक्यात हुकलं तुमचं. डोळस राजा अगदी अस्सल होता. आंधळा झाल्यावर मात्र अभिनय कृत्रिम वाटला. एखाद्या अंध माणसाचं निरीक्षण करा.”

वृंदा बोलणार, तोच सदानंदने तिचा हात दाबला. “करतो, सर,” तो शांतपणे म्हणाला.

बक्षीस हुकलं होतं, तरी घरी जाताना त्याची मान विजेत्यापेक्षा ताठ होती.