साहेबाचा पाहुणचार

“आये, नथ कुणाची आणलीस?” मालनने विचारलं.

“शेजारच्या चिमाची. आणि हळू बोल गो, साहेब गेला की परत द्यायची हाय.”

दमयंतीने आरशाच्या तुकड्यात स्वतःला न्याहाळलं. मिरकरवाडा बंदरामागच्या बारा झोपड्यांच्या त्या वाडीत सोनं म्हणायला ही एकच नथ होती, आणि आज ती साहेबाच्या नजरेला पडायलाच हवी होती.

साहेब होता ख्रिस्ती लोकांच्या लूथरन मिशनचा. समुद्रापल्याडच्या त्यांच्या मंडळीतल्या बायका म्हणे मोजे विणून, अंडी विकून मदत पाठवत, आणि त्यावर वाडीतला दवाखाना चाले. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि मिशनच्या नर्स मार्थाबाई. पण बाई आल्यापासून चार वर्षांत वाडीत एकही बाळंतीण दगावली नव्हती. त्याआधीचं दमयंतीला कुणी सांगायला नको होतं. तिची थोरली सावित्री पहिल्या बाळंतपणाला म्हणून माहेरी आली, ती परत सासरी गेलीच नाही. आता धाकटी मालन आली होती. सातवा सरला होता आणि मूल पायाळू होतं. “मी आहे ना,” मार्थाबाई म्हणाल्या होत्या, आणि त्या तेवढ्या शब्दावर दमयंतीला झोप लागत होती.

“दवाखाना राहायचा की जायचा, ते साहेबाच्या हातात आहे,” हेही बाईंनीच सांगितलं होतं. आणि नेमक्या आज पहाटे त्या एका अडलेल्या बाईसाठी पालीला निघून गेल्या.

वाडीला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. चार वर्षं बाईंची औषधं घेतली, पण देव काही कुणी बदलला नव्हता.

“साहेब विचारील, किती जण आमच्यात आले? मग काय सांगायचं, कपाळ?” वाडीतला जाणता म्हातारा धाकू म्हणाला.

“त्याचं तोंड मोकळं ठेवलं तर विचारील ना!” दमयंती म्हणाली. “पाव्हण्याचा मान असा राखू, की तो सवाल त्याला सुचायचाच नाय.”

झालं, तिने पदर खोचला. अंगणं सारवून झाली. बाजारपेठेतल्या ओळखीच्या घरांतून तांब्याच्या घागरी आणि पितळेची ताटं मागून आणली. खरजेने भरलेली पोरं आणि खोकून खोकून वाकलेला बाबल्या यांना होडीत घालून दिवसभरापुरतं खाडीपल्याड धाडलं. पाव्हण्यासमोर कण्हणं बरं दिसत नाही. बाबल्या होडीतून शिव्या घालत होता, पण गेला.

मग दमयंतीने कोपऱ्यातलं मडकं उघडलं.

“आये, तो माझ्या बाळंतपणाचा तांदूळ!”

“बाई राहिली तर पेजेवरसुद्धा बाळंत होशील. बाई गेली तर तांदूळ काय चाटायचाय?”

साहेब दुपारी आला. उंच, लालबुंद, घामाने निथळणारा. बरोबर मिशनच्या शाळेतला आत्माराम मास्तर दुभाष्या म्हणून होता. तो याच वाडीत वाढलेला. साहेबाला पाटावर बसवलं. सुरमईची तुकडी, सोलकढी, वाफाळता भात. साहेबाने ताटावर हात आडवा धरला तरी दमयंतीने वाढलंच.

“विचारतायत, खायला पुरतं का?” आत्माराम म्हणाला.

“पुरून उरतं म्हणावं! आणखी वाढू?”

“आजारी कोण कोण आहे?”

“एक नाय. बघा की सगळी बसल्येत ती!”

साहेबाने सभोवार पाहिलं. नथ पाहिली, घागरींची उतरंड पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं. मग त्याने हळूच आणखी काही विचारलं. धाकूने दमयंतीकडे पाहिलं. आला सवाल!

“विचारतायत, तुम्हाला कशाची गरज आहे?”

धाकूने सुटकेचा श्वास सोडला. दमयंती मात्र थोडी रागावलीच. घरी जेवायला आलेल्या माणसाकडे मागायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी!

“तुमचा आशीर्वाद असूं द्या. बाकी काय कमी नाय आमाला.”

आत्मारामने ते सांगताना पदरचा थोडा मीठमसाला घातला. वाडीची अब्रू त्याचीही होती. साहेबाचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले आणि तो सवाल न विचारताच बंदराकडे निघून गेला.

“जिंकलंस गो!” धाकू म्हणाला.

संध्याकाळी मार्थाबाई धुळीने माखून परतल्या. “साहेब काय म्हणाले?”

“लय खूश! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.”

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

दोन महिन्यांनी आगबोटीतून वाडीसाठी पेटी आली. अख्खी वाडी दवाखान्यासमोर जमली. मालनला नववा भरला होता. तिला बसवेना, म्हणून ती आईच्या खांद्याला धरून उभी होती.

“औषधं असतील,” धाकू म्हणाला.

“बाळंतिणींची दुपटी असतील,” दमयंती म्हणाली.

पेटी शिसवीची होती, पितळी कुलपाची. झाकणाला मधोमध बोटभर लांबीची फट होती. कुलूप उघडलं. आत एक पत्र होतं, बाकी काही नाही. मार्थाबाई हात पुसत बाहेर आल्या. आत्माराम पत्र वाचून मराठीत सांगू लागला. सुरुवातीला मोठ्याने, मग जरा हळू.

“तुमच्या वाडीत देवाची कृपा मी डोळ्यांनी पाहिली. एकही रोगी नाही, अन्न पुरून उरतं, बायकांच्या अंगावर सोनं आहे. आमच्याकडे मोजे विणणाऱ्या बायकांनाही एवढं सुख नाही. इथलं काम पूर्ण झालं, असं मी मंडळीला कळवलं आहे. मार्थाबाईंनी ही पेटी आणणाऱ्या आगबोटीच्या परतीच्या फेरीनेच नव्या जागी निघावं. तिथले लोक फार गरीब आहेत, म्हणून तुम्ही या पेटीत त्यांच्यासाठी यथाशक्ती टाकत जावं.”