रुमाल काढा

भाऊ तेप्पेई गेला तेव्हा मिनोरीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "दगड आहेस गं," मावशी सगळ्यांसमोर म्हणाली. म्हणून रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात, रामेन नूडल्सचा वाडगा आणि लॅपटॉप पुढ्यात घेऊन, ती रीतसर रडायला बसली.

तेप्पेईच्या आवडत्या कार्टून मालिकेतली दृश्यं जोडून, वर गाणं चढवून कुणा चाहत्यानं केलेला व्हिडिओ होता. बघणाऱ्यांनी टाइप केलेले शेरे चित्रावरूनच सरकत जायचे.

"रुमाल काढा रे!"

"मी चादरच काढलीय."

मिनोरी कोरडीच.

मग एक अनोळखी दृश्य आलं. मालिका तिला तोंडपाठ होती. हे कुठल्याच भागात नव्हतं. रंगवलेलं स्वयंपाकघर, पाठमोरी मुलगी, पुढ्यात वाडगा. फ्रिजवर तेप्पेईनं चिकटवलेला बेडूकसुद्धा होता.

"हा कुठला भाग?"

"गप बस. इथे ती मागे वळते. मी दरवेळी रडतो."

"मग आज वळत का नाहीये?"

मिनोरीनं मान खाजवली. चित्रातल्या मुलीनंही खाजवली.

"वळ की गं बाई. बिचारा कधीचा उभा आहे."

गाणं संपलं. मिनोरीच्या मागे, फ्रिजपाशी, कुणीतरी नाक ओढलं. पडद्यावर शेवटचा शेरा सरकला.

"तू नको रडूस. पण त्याला रुमाल तरी दे."