निळ्या पोशाखातली ओडेसा

ओडेसा पांढऱ्या पोशाखात आली नाही, तर प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या नावाने वाटायच्या भाकरीचं तबक फिरवण्याचा मान तिच्या मैत्रिणीला, बर्निसला मिळणार होता. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या त्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरल्या बायकांनी पांढरंच घालायचं. ओडेसा लागोपाठ दुसऱ्या महिन्याला निळ्यात आली. "पांढरा लाँड्रीत अडकलाय," ती बर्निसला म्हणाली. "अजून? लाँड्रीवालाच घालून हिंडतोय की काय?" बर्निसने तिला बाजूच्या खोलीत नेऊन दार लोटलं. "खरं सांग, डाग पडतात?" "थोडेसेच. गेलेली पाळी परतलीय गं." "साठी उलटल्यावर? माझी बहीणही हेच म्हणत देवाघरी गेली. उद्या डॉक्टरकडे चल, नाहीतर आत्ता माईकवरून तुझ्यासाठी प्रार्थना मागते, कारणासकट!" सोमवारी ओडेसा मुकाट्याने डॉक्टरकडे आली. गर्भाशयातला कर्करोग अजून बाहेर पसरला नव्हता. पिशवी काढली, बाई वाचली. भुर्दंड मात्र बर्निसला पडला. महिनाभर रोज ओडेसाच्या शेगडीपाशी उभं राहायचं, आणि पलंगावरून शेरा ऐकायचा, "मीठ कमी पडलं हं, बर्निस!"