उठायचा वर्ग

सिस्टरनं सगळ्यांना चटईवर आडवं व्हायला सांगितलं आणि शिवणवाल्या मावशी सगळ्यांत शेवटी चटईवर टेकल्या.

आरोग्य केंद्रातल्या म्हाताऱ्यांच्या वर्गात आजवर मान फिरवणं, टाचा उचलणं, चेंडू झेलणं असलंच काही चाले. त्यात मावशी पटाईत होत्या. आज मात्र सिस्टरनं नवंच काढलं होतं. पडल्यावर उठायचं कसं! कुशीवर वळा, कोपरावर या, गुडघा टेका, खुर्ची धरा. एकेक जण कण्हत-कुथत उठला. आपली गाडी अजून स्टार्ट घेते, असं म्हणून निवृत्त ड्रायव्हरनं हशा मिळवला. मावशी कुशीवर वळल्या आणि तिथेच राहिल्या.

सिस्टरनं काखेत हात घालून त्यांना उठवलं. डाव्या कोपराला धक्का लागला तशा त्या कळवळल्या. कधी पडला होतात का, असं सिस्टरनं हळूच विचारलं. छे, मी कशाला पडतेय, असं म्हणून मावशींनी बाही खाली ओढली.

खरं सांगायची सोय नव्हती. मुलीनं बजावून ठेवलं होतं, पुन्हा एकदा पडलीस तर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. मुलगी मायेनंच बोलली होती, पण मावशींना ती शिक्षा वाटत होती. खिडकीजवळचं शिलाई मशीन, स्वतःच्या हातचा चहा, स्वतःची किल्ली, सगळं जाणार होतं.

म्हणून तर मागच्या आठवड्यात पडल्या त्या दिवशी त्यांनी ब्रसुद्धा काढला नव्हता. संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगचे दिवे गेले. मेणबत्ती शोधताना मशीनच्या पायट्याला पाय अडकला आणि त्या धाडकन पडल्या. काही वेळानं शेजारच्या भिंतीवर टकटक सुरू झाली. मावशींचं धाबं दणाणलं. शेजारणीनं आवाज ऐकला, आता ती विचारणार! आणि तिच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. उद्या सकाळी बातमी मुलीकडे पोचली असती. मावशींनी हातानं तोंड दाबून धरलं. टकटक थांबे, पुन्हा सुरू होई. बऱ्याच वेळानं ती मंदावली आणि बंद पडली. सुटले बाई एकदाची, असं वाटून त्यांना रडू आलं. मग पलंगाचा पाय धरून त्या कशाबशा उठल्या.

आज तीच शेजारीण त्यांच्या बाजूला खुर्चीत बसली होती, हात प्लास्टरमध्ये घालून. दारात हात सापडला, एवढंच तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. एरवी तिला शिंक आली तरी त्याची गोष्ट व्हायची. मावशींना तेव्हा नवल वाटलं होतं, पण जिवाला स्वतःचाच घोर इतका, की त्यांनी खोदून विचारलं नाही.

“पडल्यावर उठताच आलं नाही, तर काय कराल?” सिस्टरनं विचारलं.

शेजारणीनं मावशींकडे पाहिलं आणि प्लास्टरचा हात वर केला. मावशींनी बाही पुन्हा खाली ओढली. आता ही सगळं सांगणार. त्यांना डोळ्यांसमोर दाराला लागलेलं कुलूप दिसू लागलं.

“सिस्टर, मी लेकाच्या भीतीनं खोटं बोलले,” शेजारीण म्हणाली. “हात दारात नव्हता सापडला. दिवे गेले ना, त्या दिवशी मी पडले. हाक मारायला आवाजच फुटेना, म्हणून पेल्यानं भिंत ठोकत राहिले. सकाळी कामवाली आली तोवर तशीच पडून होते.”

मग तिनं धड हात मावशींच्या गुडघ्यावर ठेवला.

“माझंच नशीब फुटकं. या ताई नेमक्या त्या दिवशी मुलीकडे गेल्या असणार. घरात असत्या, तर धावत आल्या असत्या.”