उखाण्याबाहेर

आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, "भुजंगराव!" जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आजोबांचं नाव," बाळाचा बाप अभिमानाने म्हणाला. "अख्ख्या शाळेत दुसरा सापडायचा नाही."

पाळण्याची दोरी हातात धरून आजी बसली होती. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नव्हतं. तो गेल्यावरही नाही. चाळीस वर्षांपूर्वी हाच लेक पाळण्यात असताना ती ओवी गात होती. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा एकच शब्द आला होता, "गप!" ओवी अर्धीच राहिली.

"आई, तुम्हाला हे नाव घेता येईल ना?" सून हळूच म्हणाली. "नाहीतर बदलू या."

तेवढ्यात बाळाने टाहो फोडला. आजीने त्याला उचललं, डोळ्यांत डोळे घातले. ओठ दोनदा नुसतेच हलले.

"भुजंगराव, गप!"

बाळ दचकून गप झालं. लेकाचे डोळे भरून आले. "बाबांवर फार जीव हो आईचा," तो म्हणाला.

आजीने शांत झालेल्या बाळाला मांडीवर घेतलं.

"गप म्हटलं ना, भुजंगराव!" तिने पुन्हा दटावलं, आणि राहिलेली अर्धी ओवी मोकळ्या गळ्याने उचलली.