घोकलेले शब्द

नव्या औषधाच्या अभ्यासात दर खेपेला बाबांची स्मरणशक्ती तपासत. डॉक्टरीणबाई तीन शब्द सांगत, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आणि मग तेच शब्द विचारत. मागच्या खेपेला बाबांची दांडी गुल झाली, तेव्हापासून आईने घरी शाळाच मांडली. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती घोकून घेई, "अहो, म्हणा, किल्ली, डोंगर, दूध."

"आई, कॉपी आहे ही!" लेक हसायची.

"असू दे. नापास झाले तर औषध बंद करतील."

आज बाबांबरोबर लेकच आली होती.

"सांगा आजोबा, मघाचे तीन शब्द?"

"किल्ली, डोंगर, दूध!" बाबा ऐटीत म्हणाले.

डॉक्टरीणबाई लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "आजचे शब्द वेगळे होते हो."

बाबांचा चेहरा पडला. "चुकलो का गं? आईला सांगू नकोस हं, एवढं घोकून घेतलंय तिने. आहे कुठे ती?"

आई गेल्याचं लेक त्यांना रोज सकाळी सांगायची, आणि ते रोज नव्याने रडायचे.

"पैकीच्या पैकी, बाबा," त्यांचा हात धरत ती म्हणाली. "चला, घरी जाऊन तिलाच सांगू."