कच्चा माल

पर्णिकाचा उद्या इतिहासाचा पेपर होता. दुबईजवळच्या अजमानमधल्या घरात आत्माराम लेकीला तावातावाने समजावत होता, "इंग्रज आपला कापूस मातीमोल भावाने न्यायचे आणि त्याचंच कापड पुन्हा आपल्याच गळ्यात मारायचे. आपल्याकडे गिरण्या निघू नयेत म्हणून नाना खटपटी करायचे."

"दॅट्स सो अनफेअर, पपा!"

"अनफेअर? लूट होती ती, लूट!"

तेवढ्यात कुडाळहून धाकट्या भावाचा, विश्रामचा, फोन आला. "दादा, बँक कर्ज द्यायला तयार आहे. कोकम तुला पाठवण्यापेक्षा सरबताचा कारखाना इथेच काढीन म्हणतो."

"खुळा की काय तू? मग इथल्या उम्म अल कुवैनच्या माझ्या सरबताच्या कारखान्यात मी माशा मारत बसू? तू आपलं सुकं कोकम तेवढं पाठवत राहा. नाहीतर मी माल दुसरीकडून घेईन. खलास!"



 

"बरं दादा, राहू दे कारखाना. फक्त येताना आईसाठी सरबताच्या दोन बाटल्या आण. घरचं सगळं कोकम तुलाच धाडलंय."